शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे ओळखक्रमांक

गायन-वादन ही काळाच्या ओघात घडणारी आणि त्याबरोबरच विरून जाणारी कला आहे. चित्र भिंतीवर राहते, मूर्ती देवळात राहते, ग्रंथ कपाटात राहतो. गाणे मात्र गाऊन झाले की संपते. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिमुद्रणाची विद्या भारतात आली आणि थोर कलावंतांचा आवाज त्यांच्या पश्चातही ऐकण्याची सोय झाली. परंतु आवाज साठवून ठेवणे आणि तो कोणाचा, कोणत्या रागातील, कोठला व केव्हाचा हे सांगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिले काम यंत्र करते. दुसरे काम नोंद करते, आणि नोंदीचा पाया म्हणजे क्रमांक होय.

हा विषय मुंबई-पुण्याच्या हौशी संग्राहकांपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्याचेच उदाहरण घेऊ. गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज, कायगाव यांसारख्या गावांतील जुनी घरे, शाळांची कपाटे, सार्वजनिक ग्रंथालये आणि भजनी मंडळांच्या पेट्या धुंडाळल्या तर लाखेच्या तबकड्या, टेपची रिळे आणि कॅसेटी हाती लागण्याचा संभव आहे. ज्यांनी त्या जमविल्या ती पिढी आता थकली आहे आणि त्या वाजविण्याची यंत्रे बहुतांशी मोडीत निघाली आहेत. “बुवांचे गाणे, उत्सव” एवढेच लिहिलेली कॅसेट ज्याने भरली तो गृहस्थ गेला, की ते बुवा कोण आणि तो उत्सव कोणता हे सांगणारा कोणी उरत नाही. फीत शाबूत असूनही तिच्यावरील गाणे अनाथ होते. हे अनाथपण टाळण्यासाठी जगाने कोणत्या पद्धती शोधल्या, त्या कशा वाचाव्यात आणि तालुक्याच्या पातळीवर त्यांचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव असताना क्रमांक कशासाठी?

पंचायत सदस्यांना या प्रश्नाचे उत्तर शेतजमिनीच्या उदाहरणावरून सहज पटेल. “विहिरीचा मळा”, “आंब्याचे शेत” अशी नावे गावोगाव असतात. घरच्या माणसांना ती पुरतात. परंतु खरेदीखत, कर्ज किंवा वाटणी यांचा प्रसंग आला की गट क्रमांक लागतो. नाव एकाच वेळी दहा शेतांना असू शकते, एका गावातील गट क्रमांक मात्र एकाच जमिनीचा असतो.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत नावांचा गोंधळ याहून मोठा आहे. “भैरवी” एवढाच उल्लेख असेल तर तो हजारो मुद्रणांना लागू पडेल. कलावंताचे नाव जोडले तरी अडचण संपत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आणि त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर (१९२१–१९५५) हे दोघेही मोठे गायक होते. इंग्रजी आद्याक्षरांत वडील “व्ही. डी.” आणि मुलगा “डी. व्ही.” होतो. नोंद करणाऱ्याने दोन अक्षरांची अदलाबदल केली की एका पिढीचे गाणे दुसऱ्या पिढीच्या नावावर जमा होते. शिवाय “उस्ताद”, “पंडित”, “प्रोफेसर”, “मास्टर”, “सूरश्री” अशा उपाधी कधी लावल्या जातात, कधी गाळल्या जातात. रोमन लिपीतील वर्णलेखन तर प्रत्येक तबकडीवर निराळे असू शकते.

आपल्या संगीताच्या स्वरूपामुळे ही अडचण अधिकच वाढते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात संगीतकाराने लिहिलेली रचना हीच मुख्य वस्तू मानली जाते. म्हणून तेथे रचनांना क्रमांक देण्याची प्रथा पडली. मोझार्टच्या रचनांची क्योखेल यांनी केलेली क्रमवार सूची १८६२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. हिंदुस्थानी संगीतात बंदिशीच्या ओळी चार-दोन असतात, आणि आलाप, बोलअंग, लयकारी, ताना हा बाकीचा सारा विस्तार गायक त्या त्या वेळी करतो. तीच बंदिश त्याच गायकाने तिशीत गायिली आणि साठीत गायिली, तर अभ्यासकाच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र कृती ठरतात. म्हणून आपल्याकडे रचनेपेक्षाही प्रत्येक मुद्रणाला स्वतंत्र ओळख असणे अगत्याचे आहे.

आपल्या परंपरेतील क्रमांकविचार

संगीताला क्रमांक लावणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. याच जिल्ह्यातील देवगिरी येथे यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने “संगीतरत्नाकर” हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेव हा राजदरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत लेखाविभागाचा प्रमुख अधिकारी होता. सात अध्यायांच्या या ग्रंथात २६४ रागांची वर्गवार मांडणी केलेली आहे. हिशेब ठेवणाऱ्या माणसाने संगीताचा हिशेब मांडावा, ही गोष्ट आजच्या अधिकारीवर्गाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दक्षिणेत सतराव्या शतकात व्यंकटमखी यांनी ७२ मेळांची व्यवस्था सांगितली. पुढे या मेळांना अशी नावे मिळाली की नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून मेळाचा क्रमांक काढता यावा. त्यासाठी “कटपयादि” हा जुना संख्यासंकेत वापरण्यात आला. या संकेतात प्रत्येक व्यंजनाला अंक ठरलेला असतो आणि मिळालेले अंक उलट क्रमाने वाचावयाचे असतात. “मेचकल्याणी” या नावात म चा अंक ५ आणि च चा अंक ६. उलट वाचल्यास ६५, आणि मेचकल्याणी हा पासष्टावाच मेळ आहे. “धीरशंकराभरण” या नावात ध चे ९ आणि र चे २, म्हणून मेळ एकोणतिसावा. नावातच क्रमांक गुंफण्याची ही युक्ती कोणत्याही आधुनिक संकेतांकाला शोभेल अशी आहे. शिक्षकांनी ती गणिताच्या तासाला अवश्य सांगावी.

तबकडीवरील दोन क्रमांक

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गौहर जान आदी कलावंतांची मुद्रणे केली. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविल्या जात आणि तेथे त्यांवरून साचे करून लाखेच्या प्रती छापल्या जात. तेथील कामगारांना ना भाषा समजत असे, ना राग. त्या काळातील अनेक मुद्रणांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारते. गौहर जान तर ते इंग्रजीत सांगतात. साता समुद्रांपलीकडील कारखान्यात आवाजाची ओळख पटावी, हाच या घोषणेचा हेतू होता असे अभ्यासक सांगतात. त्या अर्थाने भारतीय ध्वनिमुद्रणाचा पहिला ओळखसंकेत हा कलावंताच्या मुखातूनच उमटला. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदा येथे कारखाना सुरू झाला आणि तबकड्या येथेच छापल्या जाऊ लागल्या.

नावाच्या घोषणेबरोबरच क्रमांकांचीही व्यवस्था होती. जुनी तबकडी हाती घेतली असता साधारणतः दोन प्रकारचे क्रमांक दिसतात आणि त्यांतील भेद समजणे महत्त्वाचे आहे.

पहिला साचाक्रमांक, ज्याला मॅट्रिक्स क्रमांक असेही म्हणतात. तो मुद्रणाच्या वेळी मूळ तबकडीला दिला जाई आणि खाचा संपल्यानंतर कागदी लेबलाभोवती उरणाऱ्या गुळगुळीत भागात कोरलेला किंवा उमटलेला असतो. काही तबकड्यांवर तो लेबलाखाली झाकला जातो, काहींवर लेबलावरही छापलेला असतो. तो एका बाजूच्या एका मुद्रणाचा असतो. तबकडीला दोन बाजू असल्याने दोन निरनिराळे साचाक्रमांक सापडतात. आरंभीच्या काळात या क्रमांकाला जोडलेल्या अक्षरावरून मुद्रण कोणत्या तंत्रज्ञाने केले आणि तबकडी ७, १० किंवा १२ इंची यांपैकी कोणत्या आकाराची आहे हे कळत असे. एकच गाणे दोन-तीनदा गाऊन घेतले असेल तर कितव्या खेपेचे मुद्रण छापले, तेही पुढील लहान अंकावरून समजते.

या चिन्हांतून तंत्राचा इतिहासही वाचता येतो. १९२५ पूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या सुमारास मायक्रोफोनच्या साहाय्याने होणारे विद्युत् मुद्रण आले. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर साचाक्रमांकापुढे लहान त्रिकोण असेल तर ते मुद्रण या नव्या पद्धतीने झाले आहे असे समजावे. पुढे १९३१ पासून कंपनीने स्वतःची यंत्रणा बसविली आणि त्रिकोणाच्या जागी चौकोन आला. मिरजेस स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या आवाजाची काही मुद्रणे १९०५ च्या सुमाराची कर्ण्याची आहेत आणि काही १९३० नंतरच्या दशकातील विद्युत् पद्धतीची आहेत. ही तीस वर्षांची वाटचाल क्रमवार लावावयाची तर साचाक्रमांकावाचून दुसरा भरवशाचा आधार फारसा नाही, कारण लेबलावर मुद्रणाची तारीख क्वचितच छापलेली असते.

दुसरा सूचीक्रमांक. तो दुकानदार आणि ग्राहक यांच्या सोयीसाठी लेबलावर ठळक छापलेला असतो. दोन्ही बाजूंना मिळून बहुधा एकच सूचीक्रमांक असतो. आरंभी कंपनीने भाषा किंवा प्रदेश यांप्रमाणे आकड्यांचे गट पाडले होते आणि त्या गटात पुरुषांचे गायन, स्त्रियांचे गायन, वाद्यवादन यांसाठी निरनिराळे हजार राखून ठेवले होते. गट भरला की मागे एक अंक आणि आडवी रेघ जोडून तोच गट पुन्हा वापरीत. पुढे अक्षरांच्या मालिका आल्या. लेबलाचा रंगही किंमत आणि दर्जा दाखवीत असे.

साचाक्रमांक मुद्रणाची ओळख देतो आणि सूचीक्रमांक विक्रीच्या वस्तूची. एकच मुद्रण पुढे दुसऱ्या मालिकेत काढले तर सूचीक्रमांक बदलतो, साचाक्रमांक कायम राहतो. हा भेद न जाणता नोंद केली तर एकच गाणे संग्रहात तीनदा मोजले जाते, किंवा दोन वेगळी गाणी एक समजली जातात.

एल. पी., कॅसेट आणि हरवलेले दुवे

तीन-साडेतीन मिनिटांची लाखेची तबकडी मागे पडून विनाइलची एल. पी. आली, तेव्हा ख्याल विस्ताराने ऐकण्याची सोय झाली. त्याबरोबर सूचीक्रमांकांची नवी भाषा आली. एच.एम.व्ही. च्या भारतीय तबकड्यांवर “ईसीएलपी” किंवा “ईएएलपी” ही अक्षरे एकमार्गी, तर “ईसीएसडी” किंवा “ईएएसडी” ही अक्षरे द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ मुद्रण दाखवितात. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ मधील “कॉल ऑफ द व्हॅली” ही गाजलेली तबकडी संग्राहकांमध्ये “ईसीएसडी २३८२” या क्रमांकानेच ओळखली जाते.

कॅसेटच्या काळात ही शिस्त बरीच सैल झाली. जुन्या मुद्रणांचे निवडक भाग एकत्र करून नव्या नावाने कॅसेटी निघाल्या. त्यांवर कलावंताचे छायाचित्र आले, परंतु मूळ साचाक्रमांक, साल, साथसंगत करणाऱ्यांची नावे गळून पडली. तबलजी आणि सारंगिये यांची नावे तर आधीही दुर्लक्षिलेलीच होती. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या अनेक जुन्या मुद्रणांना चुकीच्या रागाचे किंवा चुकीच्या गायकाचे नाव चिकटलेले आढळते, त्याचे मूळ या तुटलेल्या दुव्यांत आहे.

नोंद असली तरी वस्तू दुर्मीळ कशी होते, याचे एक बोलके उदाहरण गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉएजर यानांवर पृथ्वीचा परिचय करून देणारी सोनेरी तबकडी बसविली आहे. तिच्यात जगभरातील निवडक संगीतामध्ये केसरबाईंची “जात कहाँ हो” ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. परंतु ती तबकडी तोवर बाजारातून नाहीशी झाली होती. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती मिळाल्या. नेमके कोणते मुद्रण हवे आहे हे शोधणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच खोक्यातील त्या तबकड्या ओळखता आल्या. “केसरबाईंची एखादी भैरवी” एवढीच माहिती असती तर शोध कोठे थांबवावा हेच कळले नसते.

महाराष्ट्रात या कामाची जाणीव असणारी मंडळी आहेत. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या क्रमांकवार याद्या प्रसिद्ध झाल्या. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची ग्रंथरूपाने दिली. अशा याद्यांमुळे साचाक्रमांक वाचून तबकडीचा काळ ठरविणे शक्य झाले आहे.

बारा चिन्हांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक

कंपनीगणिक निराळे क्रमांक असल्याने जगभर चालेल अशा एकाच पद्धतीची आवश्यकता होती. ती १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक ३९०१ या नावाने अस्तित्वात आली. तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण ध्वनिमुद्रण संकेतांक, अर्थात आय.एस.आर.सी. म्हणतात. पुस्तकासाठी जसा आय.एस.बी.एन., तसा ध्वनिमुद्रणासाठी हा संकेतांक. भारतात तो देण्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेकडे आहे.

या संकेतांकात बारा चिन्हे असतात. नमुन्यादाखल “आयएन–एबीसी–२५–००००१” असा काल्पनिक संकेतांक घेऊ. पहिली दोन अक्षरे देशाची असून “आयएन” म्हणजे भारत. पुढील तीन चिन्हे ज्याने संकेतांक दिला त्या नोंदणीधारकाची. नंतरचे दोन अंक वर्षाचे आणि अखेरचे पाच अंक त्या वर्षातील अनुक्रमाचे. २०१९ मध्ये या प्रमाणकात सुधारणा झाली आणि पहिली पाच चिन्हे मिळून एकच उपसर्ग मानावा, त्यातून निराळा अर्थ काढू नये, असे ठरले. रोमन लिपीत हा संकेतांक सलग लिहिला तरी चालतो. मधल्या रेघा वाचण्याच्या सोयीसाठी असतात.

या संकेतांकाचे काही नियम शास्त्रीय संगीताच्या नोंदकर्त्याने विशेष ध्यानात घेतले पाहिजेत. संकेतांक रचनेला किंवा तबकडीला नसून मुद्रणाला मिळतो. तेच मुद्रण तबकडीवर, कॉम्पॅक्ट डिस्कवर आणि इंटरनेटवर आले तरी संकेतांक एकच राहतो. मुद्रणाची मालकी एका कंपनीकडून दुसरीकडे गेली तरीही तो बदलत नाही, आणि एकदा वापरलेला संकेतांक पुन्हा दुसऱ्या मुद्रणाला देता येत नाही. विलंबित आणि द्रुत ख्याल स्वतंत्र भाग म्हणून प्रसिद्ध केले तर प्रत्येकाला निराळा संकेतांक लागतो. जुन्या मुद्रणाची खरखर काढून ते पूर्णतः पुनःसंस्कारित केले, तर त्या नव्या आवृत्तीलाही नवा संकेतांक द्यावा लागतो.

वर्षाच्या दोन अंकांविषयी विशेष सावधगिरी हवी. ते वर्ष संकेतांक दिल्याचे असते, गाणे मुद्रित झाल्याचे नव्हे. १९०५ चे मुद्रण २००५ मध्ये नव्याने नोंदविले तर संकेतांकात “०५” येईल, आणि २०१० मध्ये नोंदविले तर “१०” येईल. या दोन अंकांवरून मुद्रणाचा काळ ठरविणे सर्वथा चुकीचे होय. म्हणून नवा संकेतांक मिळाला तरी जुना साचाक्रमांक नोंदीतून कधीही काढून टाकू नये.

मुद्रणाबरोबरच रचना आणि व्यक्ती यांनाही आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. रचनेसाठी आय.एस.डब्ल्यू.सी. हा संकेतांक, तर लेखक-कलावंतांच्या ओळखीसाठी सोळा चिन्हांचा आय.एस.एन.आय. हा क्रमांक दिला जातो. पलुस्कर पिता-पुत्रांच्या आद्याक्षरांचा गोंधळ या शेवटच्या प्रकारामुळे टळू शकतो.

क्रमांक, हक्क आणि मानधन

गट क्रमांक शेताची ओळख सांगतो, मालकी देत नाही. तसाच आय.एस.आर.सी. हा हक्काचा पुरावा नव्हे. तथापि हक्काचे पैसे योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचण्यास तो साहाय्य करतो. नभोवाणीवर किंवा इंटरनेटवर गाणे किती वेळा वाजले याची मोजणी आता यंत्रे करतात, आणि यंत्राला “बुवांचे गाणे” समजत नाही. मुद्रण निनावी असले तर त्याचे मानधनही निनावी राहते.

या संदर्भात कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरील हक्क, सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून मोजल्यास, ५० वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल कलावंतांना स्वामित्वशुल्क मिळण्याची तरतूद झाली. अधिनियमाच्या कलम ५२-क नुसार प्रसिद्ध होणाऱ्या ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता तसेच प्रथम प्रसिद्धीचे वर्ष छापणे आवश्यक आहे. ६० वर्षे कोठून मोजावयाची हे वर्षाच्या नोंदीवरच अवलंबून असल्याने, वेष्टन फेकून देणे म्हणजे पुरावा फेकून देणे होय. खाजगी मैफलींची मुद्रणे सार्वजनिक करण्यापूर्वी कलावंताची किंवा वारसांची संमती घेणे हे कायद्याला धरून आहे आणि सौजन्यालाही.

तालुका पातळीवर काय करता येईल?

या कामासाठी मोठा खर्च किंवा परदेशी यंत्रे लागत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली चालणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयात दाखलनोंदवही असते आणि पुस्तकाला दाखलअंक देण्याची सवय ग्रंथपालांना आहे. तीच पद्धत ध्वनिमुद्रणांना लावावयाची. गंगापूरच्या एखाद्या ग्रंथालयाने वा शाळेने “गंगापूर–०००१” असा साधा अनुक्रम सुरू केला तरी पुरे. क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह टाळावा; अर्थ नोंदवहीत असावा, क्रमांक केवळ वेगळा असावा.

प्रत्येक नोंदीसाठी पुढील रकाने ठेवावेत : स्थानिक क्रमांक, वस्तूचा प्रकार (तबकडी, रीळ, कॅसेट, डिस्क), कंपनीचे नाव, सूचीक्रमांक, दोन्ही बाजूंचे साचाक्रमांक, त्रिकोण-चौकोनासह जसेच्या तसे, कलावंताचे नाव लेबलावर आहे तसे आणि त्यापुढे पूर्ण नाव, साथीदार, राग, ताल, बंदिशीचे आरंभीचे शब्द, मुद्रणाचे स्थळ व दिनांक, वस्तू कोणाकडून आली, आणि आय.एस.आर.सी. असल्यास तो. जी माहिती लेबलावर आहे आणि जी कोणी तोंडी सांगितली ती वेगळी ओळखू यावी म्हणून दुसऱ्या प्रकारच्या माहितीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. रागाविषयी शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह करावे. खात्रीशीर चुकीपेक्षा प्रामाणिक प्रश्नचिन्ह बरे.

हाताळणीची काही पथ्ये आहेत. स्थानिक क्रमांक तबकडीवर चिकटवू नये. मऊ पेन्सिलीने कागदी पाकिटावर लिहावा. लेबलाचे आणि साचाक्रमांकाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, म्हणजे कोरीव अंक उठून दिसतात. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. त्या एकमेकींवर न रचता उभ्या ठेवाव्यात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या विनाइलच्या तबकड्या वाकतात, तर पावसाळ्यात दमटपणामुळे बुरशी धरते. जुन्या तबकडीच्या खाचा रुंद असल्याने तिला एल. पी. ची सुई चालत नाही. कॅसेटच्या पाठीमागील दोन लहान कप्प्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून नवे मुद्रण होऊन जुने पुसले जाणार नाही. संगणकावर प्रत घेतली तर धारिकेच्या नावात प्रथम स्थानिक क्रमांक लिहावा, आणि दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवाव्यात.

शाळांना यात विशेष वाटा उचलता येईल. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांकडे जाऊन त्यांच्या संग्रहातील तबकड्या-कॅसेटींची यादी करणे हा भाषा, इतिहास आणि संगीत यांचा एकत्रित उपक्रम होऊ शकतो. कॅसेट कोणाच्या आवाजाची आहे हे आज सांगू शकणारा माणूस दहा वर्षांनी असेलच असे नाही. म्हणून यादीचे काम मुद्रणाची प्रत काढण्याच्याही आधी करावे. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत आवाहन करून वस्तू दान न मागता केवळ नोंदीसाठी पाहावयास मागितल्या तर लोक अधिक विश्वासाने पुढे येतील.

आज गावोगावी होणारे सप्ताह, संगीत सभा, भजनस्पर्धा यांची मुद्रणे भ्रमणध्वनीवर होतच असतात. त्यांच्यासाठी एक सोपा नियम सुचवावासा वाटतो. मुद्रण सुरू होताच एकाने गायकाचे आणि साथीदारांचे नाव, राग, गाव आणि दिनांक स्पष्ट उच्चारावा. धारिकेचे नाव बदलते, यंत्र बदलते, लेबल गळून पडते. परंतु मुद्रणातच बोललेली ओळख मुद्रणाबरोबर राहते. १९०२ मधील गायिकांनी परक्या कारखान्यासाठी जे केले, ते आपण पुढच्या पिढीसाठी करावयाचे आहे.

थोर कलावंतांची मुद्रणे मोठ्या संस्था सांभाळतील. परंतु तालुक्याच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या, उत्सवात सेवा म्हणून तंबोरा लावून बसणाऱ्या, मुलांना विनामूल्य शिकविणाऱ्या कलावंतांची मुद्रणे सांभाळण्यास तालुक्यावाचून दुसरे कोणी नाही. त्यांच्या नावे एखादी कॅसेट उरली असेल तर तिला एक क्रमांक मिळावा आणि त्या क्रमांकापुढे त्यांचे पूर्ण नाव लिहिले जावे, एवढे ऋण फेडणे प्रत्येक ग्रंथालयाच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. एक नोंदवही, एक पेन्सिल आणि थोडी चिकाटी एवढ्याच साहित्यावर या कामाचा आरंभ होऊ शकतो.